बदकाची अंडी, दुसरी खेप

पहिल्या खेपेला १२ अंड्यांतून ३ पिल्लं निघाली. २ अंडी पहिल्याच आठवड्यात रिकामी निघाली म्हणून काढली होती, म्हणजे राहिली ७. ती ७ मी बत्तिसाव्या दिवसापर्यंत इनक्युबेटरमध्येच ठेवली, रोज कानाला लावून ऐकायचे, टॉर्च लावून बघायचे, आणि शेवटी काहीच हालचाल नाही म्हटल्यावर बाहेर अंगणात नेऊन एकेक करून फोडली. हे काम नको वाटतं, मलाही नको वाटत होतं, पण दादा म्हणाला अगं फेकून दिलीस तर काय चुकलं ते कधीच कळणार नाही, फोड आणि नीट बघ. आणि खरंच, त्या ७ अंड्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच व्हिडिओने शिकवलं नव्हतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आत काय होतं तर एक अगदी लहानपणी थांबलेलं, आणि बाकीची ६ पूर्ण वाढलेली पिल्लं. पंख आलेले, नखं आलेली, चोचीच्या टोकावरचा तो पांढरा टणक दाणा, ज्याने ती कवच फोडतात, तोसुद्धा आलेला. पण सगळी फुगलेली, मान सुजलेली, अंगाला चिकट पाणी, आणि अंड्याच्या जाड बाजूला जी हवेची पोकळी असते ती एवढीशी. दोघांनी तर चोच आतल्या पापुद्र्यातून पोकळीत घातलीसुद्धा होती, म्हणजे पहिला श्वास घ्यायच्या बेतात होती आणि तिथे हवेऐवजी पाणी. बुडून गेली ती, अंड्याच्या आत. मी त्या दिवशी खूप रडले आणि नंतर वही काढून सगळं लिहून ठेवलं.

इनक्युबेटर मुळात का घ्यावा लागला तेही सांगते. दादाकडे खाकी कॅम्पबेल बदकं आहेत, ती अंडी भरपूर देतात पण खुडूक क्वचितच बसतात. अंडी जास्त मिळावीत म्हणूनच तयार केलेली जात आहे ती, त्यामुळे अंडी घालायची आणि निघून जायचं, घरट्याकडे वळूनही बघायचं नाही. काही जण अशी अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात, तेही जमतं, पण कोंबडीची स्वतःची पिल्लं २१ दिवसांत निघतात आणि बदकाला २८ दिवस लागतात, म्हणजे कोंबडीला आठवडाभर जास्त बसायला लागतं आणि काही कोंबड्या मधेच उठतात. आमच्याकडे तेव्हा खुडूक कोंबडीही नव्हती, म्हणून मशीन.

आता मूळ मुद्दा, पाण्याचा. अंड्याचं कवच बंद डब्यासारखं नसतं, त्याला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायॉक्साइड बाहेर येतो आणि पाण्याची वाफही बाहेर जाते. ही वाफ जायलाच हवी. २८ दिवसांच्या या प्रवासात पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचं साधारण १२ ते १४ टक्के वजन कमी झालं पाहिजे, तेवढं पाणी गेलं की पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा मिळते. हवा फार दमट असली तर पाणी जातच नाही, पिल्लू फुगतं, पोकळी लहान राहते. फार कोरडी असली तर उलटं, पिल्लू सुकतं आणि पापुद्रा अंगाला चिकटतो. बदकाला पाणी आवडतं म्हणून त्याच्या अंड्यालाही भरपूर ओलावा लागतो, असं बरेच जण धरून चालतात, मीही धरलं होतं. बदकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडा जास्त ओलावा ठेवतात हे बरोबर आहे, पण थोडाच.

पहिल्या खेपेला मी डिस्प्लेवर ५५ टक्के ह्युमिडिटी ठेवली होती, म्हणजे कागदावर सगळं बरोबर. मग पाणी का साचलं? म्हणून मशीनची परीक्षा घेतली. साधी गोष्ट आहे, बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यात थोडंसं पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं (मीठ विरघळून जाईल एवढं पाणी नाही घालायचं), आणि ते झाकण आणि ह्युमिडिटी मीटर हवाबंद पिशवीत बंद करून ८-१० तास सोडून द्यायचं. आतली ह्युमिडिटी ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा मिठाचा गुणधर्म आहे. माझा मीटर ६२ दाखवत होता. म्हणजे १३ ने कमी! मी ५५ समजून चालले होते तेव्हा आत जवळजवळ ६८ होती, २५ दिवस सलग. ती ६ पिल्लं का बुडाली त्याचं उत्तर त्या झाकणातल्या चिमूटभर मिठात होतं.

टेंपरेचरचंही तसंच. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ ठेवायचं असतं, डिस्प्ले ३७.५ च दाखवत होता. पण ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला ठेवून बघितला तर ३७.० आला, जागा बदलून तीनदा बघितलं तरी तेवढाच. अर्धा डिग्री काहीच वाटत नाही ना, पण महिनाभर अर्धा डिग्री कमी म्हणजे वाढ हळू, म्हणूनच माझी पहिली ३ पिल्लं २८ ऐवजी तिसाव्या दिवशी आली होती. पंखा नसलेलं मशीन असेल तर मात्र वर गरम आणि खाली थंड असा फरक असतो, म्हणून तिथे अंड्यांच्या माथ्याच्या उंचीला मोजून ३८.३ च्या आसपास ठेवतात. आणि एक लक्षात ठेवा, थोडं कमी झालेलं अंडं सहन करतं, जास्त झालेलं करत नाही. ३९ च्या वर काही तास गेले की नुकसान सुरू.

तर दुसऱ्या खेपेला मी ठरवलं की डिस्प्ले फक्त अंदाजासाठी, खरा हिशोब वजनकाट्यावर.

दादाकडून १४ अंडी आणली. निवडताना फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी, केसाएवढीही चीर असलेली नको असं त्याला सांगितलं होतं, आणि मळलेली तर अजिबात नको. बदकं कुठेही अंडी घालतात, चिखलात सुद्धा, त्यामुळे स्वच्छ अंडी मिळवायची तर रोज सकाळी लवकर घरट्यातलं गवत बदलून अंडी उचलावी लागतात, दादाने ते आठवडाभर केलं. धुवायची नाहीत, कारण कवचावर एक नैसर्गिक थर असतो जो जंतू आत जाऊ देत नाही, धुतलं की तो जातो. थोडी माती असेल तर सुक्या कपड्याने पुसायची, बस. मळकं अंडं गरम दमट मशीनमध्ये सडतं, आत गॅस होतो आणि ते फुटतं, आणि फुटलं की ती घाण बाकी सगळ्या अंड्यांवर उडते. दर दोन दिवसांनी मी प्रत्येक अंड्याचा वास घ्यायचे, खरंच, नाक जवळ नेऊन. घरचे बघत राहायचे पण सडकं अंडं सगळ्यात आधी वासावरूनच कळतं.

आणल्या आणल्या लगेच मशीनमध्ये ठेवली नाहीत. प्रवासात अंडी हलतात, म्हणून एक दिवस निमुळतं टोक खाली करून गार जागी शांत ठेवली. अंडी जमा करताना सुद्धा तशीच ठेवायची, १३ ते १६ डिग्रीच्या आसपास जागा असेल तर उत्तम, आणि ७ दिवसांपेक्षा जुनी शक्यतो घ्यायची नाहीत, त्यानंतर दर दिवसाला पिल्लू निघायची शक्यता कमी होत जाते. मग पेन्सिलने प्रत्येकावर नंबर घातला, एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, काट्यावर ठेवून वजन वहीत लिहिलं. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा असेल तर एकेक नको, सगळी अंडी एकत्र मोजा, बेरजेत फरक दिसतो.

उलटायचं मी हाताने करते. मशीनला ऑटोमॅटिक आहे पण बदकाची अंडी मोठी, त्या खाचांत नीट बसत नाहीत, हलली की अडकतात. दिवसातून ५ वेळा, विषम आकडा अशासाठी की रात्रीचा जो लांब वेळ असतो तो रोज वेगळ्या बाजूवर जावा, आज फुली वर, उद्या गोल वर. उलटलं नाही तर वाढणारा जीव एका बाजूला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, पहिल्या दोन आठवड्यांत तर हे फारच जपावं लागतं. बदक स्वतः बसलेली असते तेव्हा चोचीने दिवसभर अंडी सरकवत फिरवत असते, त्या मानाने आपली ५ वेळा म्हणजे अगदी किमान.

आता वजनाचं उदाहरण देते म्हणजे कळेल. ४ नंबरचं अंडं ७८ ग्रॅमचं होतं. त्याचे १३ टक्के म्हणजे जवळपास १० ग्रॅम, ते २५ दिवसांत जायला हवेत, म्हणजे रोज ०.४ ग्रॅमच्या आसपास. सातव्या दिवशी पावणेतीन-तीन ग्रॅम कमी हवं होतं, झालं होतं दीडच. बाकीच्यांचंही तसंच. मीटर दुरुस्तीचा हिशोब धरूनसुद्धा पाणी कमी जात होतं! मग मी पाण्याच्या एका खाचेवर ॲल्युमिनियम फॉइल लावलं. इथे एक गोष्ट कळायला मला वेळ लागला, ह्युमिडिटी पाणी किती खोल आहे त्यावर ठरत नाही, पाण्याचा पृष्ठभाग किती पसरट आहे त्यावर ठरते, त्यामुळे पाणी कमी ओतून फरक पडत नाही, उघडी जागा कमी करायला लागते. आणि ह्युमिडिटी वाढवायची म्हणून हवेची भोकं कधीच बंद करायची नाहीत, आत श्वास चालू असतो. फॉइल लावल्यावर वजन हळूहळू लाइनवर आलं, चौदाव्या दिवशी ४.९ ग्रॅम कमी आणि पंचविसाव्या दिवशी ४ नंबर ६८.३ वर होतं. साडेबारा टक्क्यांच्या आसपास. वहीतला तो आकडा बघून जे समाधान झालं ते सांगता येत नाही.

कँडलिंगबद्दल, म्हणजे अंधारात अंड्याला टॉर्च लावून आत बघण्याबद्दल, बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, माझा सगळ्यात आवडता भाग आहे तो. सातव्या दिवशी रात्री घरातले सगळे दिवे बंद केले, आई आली होती तेव्हा, तिला पण बोलावलं, मुलगी तर आधीच टॉर्च घेऊन बसली होती. अंड्याच्या जाड बाजूला टॉर्च टेकवला की आतला सगळा रंग शेंदरी होतो, आणि त्यात मधे एक काळा ठिपका आणि त्याच्यापासून निघालेल्या लाल रेषा, झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या. नीट धरलं की तो ठिपका हलतो. झोके घेतल्यासारखा. आई म्हणाली, अगं बाई जिवंत आहे की गं हे, आणि तिने दोन मिनिटं तो टॉर्च सोडलाच नाही. १४ पैकी २ मध्ये काहीच नव्हतं, नुसता पिवळा बलक इकडून तिकडे तरंगत होता, म्हणजे ती फलित झालीच नव्हती. एकात लाल रेषा नव्हत्या, नुसतं एक लाल कडं होतं, बांगडीसारखं. ते म्हणजे सुरुवात झाली आणि थांबली, रक्त मागे सरकून कडेला जमा झालं. ती तिन्ही काढली. चौदाव्या दिवशी अजून एक थांबलेलं सापडलं, १० राहिली. तोपर्यंत अर्ध्याहून जास्त अंडं काळं दिसायला लागतं आणि हवेच्या पोकळीची रेघ स्पष्ट दिसते, ती मी दर आठवड्याला पेन्सिलने कवचावर आखून ठेवते, वजनाबरोबर हाही एक पुरावा.

आठव्या दिवसापासून रोज संध्याकाळी झाकण काढून अंडी १५-२० मिनिटं उघडी ठेवायला सुरुवात केली. हे ऐकून लोक घाबरतात, पण बसलेली बदकसुद्धा रोज एकदा तरी उठते, खाते, पाण्यात डुबकी मारते आणि ओल्या पिसांनी परत येऊन बसते. तेवढा वेळ अंडी गार होतात. शिवाय दुसऱ्या पंधरवड्यात आतला जीव स्वतःच बरीच उष्णता तयार करतो, अंडं मोठं असल्यामुळे ती लवकर बाहेर पडत नाही, थोडं गार होऊ देणं त्याला बरंच पडतं. अंडं पापणीवर लावून बघायचं, ना गरम ना गार वाटलं की झाकण लावायचं. कोमट पाणी फवारायचं की नाही यावर लोकांची दोन मतं आहेत, मी दहाव्या दिवसापासून चोविसाव्यापर्यंत हलकं फवारते, वजनावर लक्ष असल्यामुळे मला त्याची भीती वाटत नाही. चोवीसनंतर हे सगळं बंद.

अठराव्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि ३ तास आली नाही. पहिला तास मी नुसती येरझाऱ्या घालत होते. नंतर दादाला फोन केला, तो म्हणाला घोंगडी टाक वरून, भोकं मोकळी ठेव आणि झाकण अजिबात उघडू नकोस. तसंच केलं. लाइट आली तेव्हा आत ३२ होतं. या वयात एवढं थंड होणं ती सोसतात, कारण १० मोठी पिल्लं एकमेकांना ऊब देत असतात, पहिल्या आठवड्यात झालं असतं तर जास्त काळजीचं होतं. रात्री कँडलिंग केलं, दहाही हलत होती.

पंचविसावा दिवस म्हणजे लॉकडाऊन, यालाच तसंच म्हणतात. उलटणं बंद, गार करणं बंद, खाली न घसरणारी जाळी घातली, फॉइल काढलं, ह्युमिडिटी ७० च्या पुढे नेली आणि झाकण लावलं. आता ओलावा जास्त हवा कारण पिल्लू बाहेर येताना पापुद्रा मऊ राहायला हवा. शेवटचं कँडलिंग केलं तेव्हा पोकळीची रेघ सरळ राहिली नव्हती, एका बाजूला खाली घसरली होती, आणि आत सावली हलत होती, चोचीची. आणि सव्विसाव्या दिवशी सकाळी ऐकू आलं. अंड्यातून. अगदी बारीक, चिप चिप. मी शीळ घातली तर उत्तर आलं!

गिल्बर्ट गॉटलिब नावाच्या संशोधकाने याच आवाजांवर वर्षानुवर्षं काम केलं. बदकाचं पिल्लू अंड्यात असताना स्वतःचा आणि शेजारच्या अंड्यांतला आवाज ऐकतं आणि त्यातूनच पुढे आपल्या जातीच्या आईची हाक ओळखायला तयार होतं. ज्या पिल्लांना अंड्यात असताना हा आवाज ऐकायलाच मिळाला नाही, ती नंतर बदकाची हाक आणि कोंबडीची हाक यात फरक करू शकली नाहीत. हे वाचल्यापासून मी एकटं एक अंडं कधीच उबवायला ठेवणार नाही असं ठरवलंय.

त्या दिवशी रात्री पहिलं कवच फुटलं, ९ नंबर. फुटलं म्हणजे ताऱ्यासारखी बारीक चीर आणि छोटासा उंचवटा, बस. आणि इथून पुढे जो वेळ लागतो तो सगळ्यात अवघड. कोंबडीचं पिल्लू बऱ्याचदा दिवसभरात उरकतं, बदकाचं पिल्लू पहिल्या भोकापासून बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास घेतं. बाहेरून वाटतं की ते थकलंय, अडकलंय, काहीच करत नाही. आत मात्र बरंच काही चालू असतं. आतापर्यंत ते पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांमधून श्वास घेत होतं, आता फुफ्फुसं कामाला लागतात, त्या वाहिन्यांमधलं रक्त हळूहळू अंगात परत जातं, आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. हे सगळं झाल्याशिवाय ते वळत नाही. झालं की मग कवचाच्या आत गोल फिरत फिरत चोचीने टोचे मारतं, टोपी कापल्यासारखं, आणि पायाने ढकलून बाहेर. हा शेवटचा भाग तासाभरातही होतो. या आधीच्या शांत तासांत कुणी दया येऊन कवच सोललं तर रक्तवाहिन्या तुटतात आणि पिल्लू रक्तस्राव होऊन जातं. मदत म्हणून केलेलं.

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी ९ नंबर बाहेर, मग ४, मग रात्रभरात ११ आणि २, अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारपर्यंत ८ पिल्लं. मी झोपले नाही असं म्हणायला हरकत नाही. मुलगी मशीनसमोर चटई टाकून झोपली होती.

आणि यात माझी एक चूक झाली. पहिली दोन पिल्लं वाळली, ती बाकीच्या अंड्यांवरून धावत होती, अंडी गडगडत होती, ते बघवेना म्हणून मी झाकण उघडून त्यांना बाहेर घेतलं. खरं तर वाळलेली पिल्लं आत २४ तास आरामात राहतात, पोटात बलक असतो, भूक नसते. झाकण अर्धा मिनिटच उघडं होतं, पण ह्युमिडिटी धाडकन खाली आली आणि परत वर यायला खूप वेळ लागला. ६ नंबरला तेव्हा नुकतंच भोक पडलं होतं. १२ तासांनी बघितलं तर भोकाच्या कडेचा पापुद्रा पांढरा, कागदासारखा वाळलेला, आणि आतली चोच हलत होती पण डोकं वळत नव्हतं. पापुद्रा अंगाला आवळला गेला होता.

४० तास झाल्यावर मी हात घातला. आधी बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ केली, तिथे नेलं, कापसाच्या काडीने कोमट पाणी पापुद्र्यावर लावलं, नाकपुड्यांपासून लांब. ओला झाला की तो जरा पारदर्शक होतो आणि आत लाल रेषा दिसतात की नाही ते कळतं. दिसल्या. म्हणजे रक्त अजून परत गेलेलं नाही. थांबले. भोकाभोवतीचं थोडंसं कवच काढून श्वासाला जागा केली, ओल्या टिश्यूने झाकलं, परत मशीनमध्ये. ६ तासांनी पुन्हा बघितलं, रेषा नव्हत्या, तेव्हा टोपीएवढं कवच सोललं आणि बाकीचं त्याच्यावर सोडलं. पाय झाडून ते स्वतःच बाहेर आलं, बेंबी स्वच्छ बंद झालेली होती. ते नववं पिल्लू. आता बाकीच्यांत मिसळलंय, पायातल्या रंगीत रिंगमुळेच ओळखू येतं.

दहावं, १३ नंबर, निघालं नाही. त्याला तिसाव्या दिवसापर्यंत थांबले आणि मग फोडून बघितलं. डोकं निमुळत्या टोकाकडे होतं, म्हणजे हवेच्या पोकळीच्या उलट बाजूला, चोच पोकळीपर्यंत पोचलीच नाही. पाणी साचलेलं नव्हतं, अंगावर सूज नव्हती. वहीत तसं लिहिलं आणि अंगणात जास्वंदीखाली पुरलं.

पिल्लं आल्यावर पहिला आठवडा खोक्यात दिव्याखाली ३२ डिग्री, मग दर आठवड्याला साधारण ३ डिग्री कमी. आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा, एकमेकांवर चढून गोळा झाली तर गार लागतंय, लांब पळून चोच उघडी टाकली तर गरम होतंय. खाली वर्तमानपत्र टाकू नका, गुळगुळीत असतं, पाय फाकतात आणि तसेच राहतात. पाण्याचं भांडं एवढं खोल हवं की चोच नाकपुड्यांसकट बुडली पाहिजे, नाक आणि डोळे ती पाण्यानेच साफ करतात, पण पोहता येईल एवढं नको. बदकाची पिल्लं आहेत म्हणून टबात सोडायची घाई फार जण करतात. आईखाली वाढलेल्या पिल्लांच्या पिसांना आईच्या अंगाचं तेल लागतं, मशीनमधल्या पिल्लांना ते मिळत नाही, ती भिजतात, गारठतात आणि मरतात. मी दहाव्या दिवशी कोमट पाण्यात, हाताखाली धरून ५ मिनिटं सोडलं आणि लगेच दिव्याखाली वाळवलं.

अजून एक, नायसिन. बदकाच्या पिल्लांना हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, आणि बाजारातलं खाद्य बहुतेक कोंबडीच्या हिशोबाने बनवलेलं असतं. कमी पडलं की पाय अधू होतात, पिल्लू बसूनच राहतं. मी पहिल्या दिवसापासून खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पावडर) मिसळते. पहिल्या खेपेच्या एका पिल्लाला हा त्रास झाला होता, वेळेवर कळलं म्हणून सावरलं. आणि पिल्लं हाताळली की हात साबणाने धुवायचे, लहान मुलांना तर हे रोज सांगायचं, पिल्लं अगदी ठणठणीत दिसत असली तरी त्यांच्यात साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो.

ती आता मुलीच्या मागे फिरतात, नऊच्या नऊ, एका ओळीत. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कॉनराड लॉरेन्झ यांनी, ज्यांना १९७३ चं नोबेल मिळालं, मॅलर्ड बदकाच्या पिल्लांबरोबर हेच करून बघितलं होतं, पण त्यांना खाली बसून सरपटत, सतत क्वॅक क्वॅक करत चालावं लागलं, उभे राहिले किंवा गप्प झाले की पिल्लं रडायला लागायची. मुलगी तर अंड्यात असल्यापासून त्यांच्याशी बोलत होती, तिला बसावं लागत नाही, नुसता आवाज दिला की येतात.

तीन आठवड्यांची झाली की दादाकडे जातील, तिथे तळं आहे. काल तो मस्कोव्हीची, म्हणजे दुसऱ्या एका जातीच्या बदकाची, ६ अंडी देऊन गेला. मस्कोव्हीला ३५ दिवस लागतात, कवच वेगळं, मेणचट, आणि वजनही जास्त. सध्या टोक खाली करून ठेवलीत, मशीन धुऊन वाळवलंय, मिठाची परीक्षा पुन्हा घेतली, मीटर अजूनही १३ ने कमीच दाखवतोय. उद्या सकाळी वजनं लिहायची आणि आत ठेवायची.